मुंग्या हाताला, दोष मनाला?

‘रात्री हाताला मुंग्या येतात हो,’ असं बाईनं सांगितलं की घरातून ठरलेली उत्तरं येतात. ‘टेन्शन फार घेतेस’, ‘हात अंगाखाली आला असेल’, नाहीतर ‘वय झालं आता’. वय किती, तर चाळीस! बाईही ते निमूट मान्य करते, कारण सकाळी उठून कणीक मळायचीच असते.

बचत गटांच्या कामामुळे पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या बायकांशी माझा रोजचा संबंध. त्यांची एक तक्रार हमखास असते. अंगठा, शेजारची दोन बोटं आणि अनामिकेचा अर्धा भाग बधिर होतो. रात्री जाग येते, हात झटकला की जरा बरं वाटतं. इतकं नेमकं दुखणं हा मनाचा खेळ कसा असेल? मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून बोटं मिटणाऱ्या दोऱ्या आणि एक मज्जातंतू जातो. तिथली जागा कमी पडली की मज्जातंतू दबतो. याला डॉक्टर ‘कार्पल टनेल सिंड्रोम’ म्हणतात. तो पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आढळतो. गरोदरपण, थायरॉइडची कमतरता, मधुमेह, संधिवात यांत त्याची शक्यता वाढते. मुंग्या करंगळीत येत असतील तर दबणारा मज्जातंतू बहुधा दुसरा असतो. दोन्ही तळपायांपासून सुरुवात झाली असेल तर मधुमेह आणि ‘बी-१२’ तपासायला हवं. अंगावर बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी हवी. त्याचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. ‘टेन्शन’चा शिक्का मारण्यापूर्वी बघण्यासारखं केवढं तरी असतं!

पण आपण आधी जातो ते ‘शीर चढली’ म्हणून चोळून घ्यायला. फिजिओथेरपी म्हणजे क्रिकेटपटूंचे नाहीतर पैसेवाल्यांचे चोचले, असा समज अजून आहे. वास्तविक मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५०च्या दशकापासून या विषयाचं शिक्षण दिलं जातं, आणि अनेक सरकारी रुग्णालयांत हा विभाग असतो. सुरुवातीचा इलाजही साधा आहे. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा, कामात मधेमधे विसावा आणि फिजिओथेरपिस्टनं शिकवलेले बोटांचे, मनगटाचे हलके व्यायाम. जोर लावून ताणायचं नाही, मुंग्या वाढल्या तर थांबायचं. बधिर हातापायाला गरम शेक तर नकोच, कारण भाजलेलं कळत नाही.

उशीर मात्र महागात पडतो. आमच्या गटातल्या एका मावशींच्या हातातून भांडी पडायला लागली, अंगठ्याच्या मुळाचा मांसल उंचवटा सपाट झाला, तेव्हा कुठं घरच्यांना पटलं. शस्त्रक्रिया झाली, रात्रीच्या मुंग्या गेल्या. अंगठ्यातलं बळ काही पुरतं आलं नाही. पोळ्यांच्या निम्म्या ऑर्डरी सोडाव्या लागल्या.

मग ताण खोटा का? मुळीच नाही. झोप नाही, हात चालत नाही, म्हटल्यावर ताण येणारच. ताणानं स्नायू आखडतात, दुखणं जास्त जाणवतं. त्यावर एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांनी १९२९ साली पुस्तकात मांडलेली पद्धत आजही शिकवतात. एकेक स्नायू पाच-सात सेकंद आवळायचा, मग सोडून वीस-तीस सेकंद तो सैलपणा अनुभवायचा. पावलांपासून सुरू करून पोटऱ्या, मांड्या, खांदे, चेहरा असं वर जायचं. हात दुखरा असेल तर मूठ आवळायची नाही, हात नुसता सैल ठेवायचा. शवासन करणाऱ्यांना हे परकं वाटणार नाही. यानं मन शांत होतं, झोपेला मदत होते. दबलेला मज्जातंतू मात्र यानं मोकळा होत नाही. म्हणून दोन्ही इलाज हवेत. एकाच्या नावाखाली दुसरा टाळू नये.

माझं खरं म्हणणं पुढंच आहे. हे व्यायाम महागही नाहीत आणि अवघडही नाहीत. तरी ते सुटतात, कारण बाईच्या वेळेवर सगळ्यांचा हक्क असतो. ती जरा आडवी होऊन डोळे मिटते न मिटते तोच हाक येते, ‘अगं, माझा डबा?’ सासऱ्यांच्या गुडघ्याचे व्यायाम अख्खं घर आठवणीनं करून घेतं, आणि ते योग्यच आहे. मग सुनेच्या मनगटाचे का नाही? कणीक मुलानं मळली, चादरी नवऱ्यानं पिळल्या तर काय बिघडतं? डॉक्टर चिठ्ठीवर ‘विश्रांती’ लिहून देतात. ती औषधाच्या दुकानात मिळत नाही, घरच्यांनीच द्यावी लागते.

मज्जातंतूंचं काम सावकाशीचं. तुटलेला मज्जातंतू पुन्हा वाढतो तोसुद्धा दिवसाला साधारण १ मिलिमीटर! तेव्हा मैत्रिणींनो, चार दिवसांत गुण आला नाही म्हणून व्यायाम सोडू नका. आणि घरच्यांनो, तिच्या त्या वीस मिनिटांत कुकरच्या शिट्ट्या तुम्ही मोजा. पुढची कितीतरी वर्षं तुमच्या ताटात वाढणारा हात आहे तो.