नगराध्यक्षांच्या यादीत गटार कितवे?

डिसेंबर २०२५ मध्ये नगरपालिकांच्या निवडणुका झाल्या. आपल्या जिल्ह्यातल्या दहा नगरपरिषदा आणि तीन नगरपंचायतींना लोकांनी थेट निवडून दिलेले नगराध्यक्ष लाभले. त्याआधी बहुतेक ठिकाणी प्रशासकाचाच कारभार होता. गुलाल उधळून झाला, हार-तुरे झाले, गल्लोगल्ली सत्कार झाले. शहराचा चेहरामोहरा बदलण्याची भाषा सगळीकडे झाली. चेहरामोहरा म्हणजे काय? वेशीवर स्वागत कमान, चौकात कारंजे, बागेचे सुशोभीकरण आणि हायमास्ट दिवे. हल्ली त्यात सेल्फी पॉइंटची भर पडली आहे.

ग्रामीण पानावर शहराचा हा पाढा कशाला, असे कोणी विचारील. विचारणे रास्त आहे. पण तालुक्याचे गाव चालते कोणावर? आठवडी बाजार भरतो तो खेड्यातल्या माळव्यावर. खताची दुकाने, दवाखाने, वकिलांच्या खोल्या आणि एस. टी. स्टँडावरची हॉटेले चालतात ती खेड्यातल्या गिऱ्हाइकावर. शिवाय हुपरी, शिरोळ, आजरा, चंदगड, हातकणंगले ही गावे अगदी अलीकडेपर्यंत ग्रामपंचायतीच होती. तिथल्या नव्या नगरसेवकांपैकी पुष्कळांच्या घरी आजही जनावरांचा गोठा आहे. तेव्हा शहर आणि खेडे ही दोन टोके असल्यासारखे बोलणे आपल्याकडे फारसे खरे नाही. खरे एवढेच, की शहराच्या निवडणुकीत खेड्याला मत नाही, आणि शहर जे बाहेर टाकते ते मात्र खेड्याच्या वाट्याला येते.

आमचे म्हणणे असे, की नगराध्यक्षांच्या कामांच्या यादीत शहरातून बाहेर पडणारे सांडपाणी एक नंबरला असावे. ही काही आमच्या पदरची सूचना नाही. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद कायद्याच्या ४९ व्या कलमात नगरपालिकेच्या कामांच्या दोन याद्या आहेत. एक आवश्यक कर्तव्यांची, दुसरी स्वेच्छाधीन कर्तव्यांची. गटारे, सफाई, पिण्याचे पाणी, दिवाबत्ती, बाजार, सार्वजनिक शौचालये आणि मुताऱ्या ही सगळी आवश्यक यादीत येतात. बागबगीचे, सभागृहे, वाचनालये ही दुसऱ्या यादीत, म्हणजे जमल्यास करायची. वाचनालयाला आमचा विरोध नाही, उलट ते झालेच पाहिजे. पण कायद्याने जेवणाचे ताट आधी वाढायला सांगितले असताना आपण विड्याच्या तबकाची काळजी करत बसलो, तर पंगत उपाशीच उठणार. स्वागत कमान या दोन्ही याद्यांत आम्हाला तरी दिसली नाही.

थोडा हिशेब करू. भुयारी गटार असलेल्या शहराला माणशी रोज १३५ लिटर पाणी हा सरकारी निकष आहे. त्यातले साधारण ऐंशी टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते, असे अभियंते धरतात. तीस हजार वस्तीचे गाव घेतले तर रोजचे सांडपाणी सुमारे ३२ लाख लिटर झाले. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर रोज ३२० च्या वर टँकर! एवढे पाणी रोज कुठे तरी जाते. ते ओढ्याला जाते, ओढा नदीला मिळतो आणि नदी बंधाऱ्यावर अडते.

बंधाऱ्याचे काय होते ते शिरोळ तालुक्याला सांगायला नको. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा ही आपल्या जिल्ह्याने साऱ्या राज्याला दिलेली देणगी. पावसाळा सरला की बरगे घालायचे, पाणी अडवायचे, उसाला उपसायचे. बंधारे बांधले तेव्हा नदीत पाणी येत होते. आता कोल्हापूरच्या जयंती नाल्यापासून इचलकरंजीच्या प्रोसेसिंगपर्यंत जे जे पंचगंगेत उतरते ते ते बरग्यांमागे साचून राहते. धरणातून आवर्तन लांबले की पाणी काळे पडते, जलपर्णी पसरते आणि एक दिवस तेरवाडच्या बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच दिसतो. बरगे काढले की घाण खाली सरकते, ठेवले की वरच्यांच्या नाकाशी राहते. म्हणजे एका गावाचा दिलासा तो दुसऱ्याचा त्रास. शेतकरी तरी काय करणार? मोटार चालू केली नाही तर ऊस वाळतो, केली तर तेच पाणी रानात.

खेड्याचे झाले, पण शहर तरी यातून सुटले का? इचलकरंजीचे उदाहरण घ्या. यंत्रमागाचे हे एवढे मोठे, पैशाअडक्याने सधन गाव पंचगंगेच्या काठावर वसलेले आहे. दाराशी नदी असून ते पिण्याच्या पाण्यासाठी कृष्णेवर गेले. मजरेवाडीहून जलवाहिनी आणली, आणि तिच्या गळतीच्या बातम्या आजवर संपलेल्या नाहीत. २०१२ च्या उन्हाळ्यात शहरात काविळीची साथ आली, माणसे दगावली. मग वारणेचे पाणी दानोळीहून आणायचे ठरले, तर २०१८ मध्ये वारणाकाठ रस्त्यावर उतरला. थेंबभरही पाणी देणार नाही, म्हणाला. वारणा मागे पडली आणि २०२२ मध्ये दूधगंगेवरची सुळकूड योजना पुढे आली, तर कागल आणि दूधगंगाकाठ विरोधाला उभा राहिला.

यात चूक कोणाची, हे सांगणे सोपे नाही. इचलकरंजीतल्या कामगाराच्या बायकोने आठ-आठ दिवस नळाची वाट पाहावी, हे कोणालाच शोभणारे नाही. तहानलेल्याला पाणी नाकारणे ही आपली रीत नव्हे. पण दूधगंगाकाठच्या शेतकऱ्याचा प्रश्नही खोडून काढता येत नाही. तो विचारतो, दाराची नदी नासवली, आता आमची नेणार, आणि उद्या ती नासली की मग कुणाची? आमच्या मते या सगळ्या भांडणाचे मूळ पाण्याच्या वाटपात नाही, गटारात आहे. जिने दहा नगराध्यक्षांच्या काळात सांडपाण्याचे काम मागे ढकलले, त्या नगरीला पुढे पाण्यासाठी दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागते. इचलकरंजी २०२२ मध्ये महापालिका झाली, १५ जानेवारी २०२६ रोजी तिथे महापालिकेची पहिली निवडणूकही झाली. पाटी बदलली, पण नदी तीच आहे.

जयसिंगपूर, कुरुंदवाड, कागल, मुरगूड, गडहिंग्लज या गावांचे अजून तसे झालेले नाही. म्हणूनच बोलायची वेळ आता आहे. गाव लहान असताना नाल्याला वळण देता येते.

इथे एक गोष्ट नव्या नगराध्यक्षांनी नीट समजून घ्यावी. सांडपाणी शुद्धीकरण केंद्र बांधायला वरून अनुदान मिळते. उद्घाटनाला मंत्री येतात, कोनशिला बसते. पण केंद्र चालवायला अनुदान नसते. पंपांचे वीजबिल, ऑपरेटरचा पगार, जळालेली मोटार भरायचा खर्च हे सगळे नगरपालिकेच्या स्वतःच्या उत्पन्नातून करावे लागते. घरपट्टी-पाणीपट्टी थकली की पहिली कात्री तिथेच लागते, कारण पंप बंद पडला तर शहरात कोणाला कळत नाही, खालच्या गावाला मात्र वासाने कळते. तेव्हा 'केंद्र बांधले का' हा प्रश्न अर्धाच आहे. केंद्र महिन्यातले किती दिवस चालले आणि त्याच्या विजेसाठी अर्थसंकल्पात किती तरतूद आहे, हे विचारले पाहिजे. आणि पट्टी वसूल करायला जो नगराध्यक्ष कचरतो, मते जातील म्हणून भितो, त्याच्याकडून नदीची अपेक्षा धरू नये.

होत नाही असे मात्र कोणी सांगू नये. शेजारच्या सातारा जिल्ह्यात कराडने २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांत देशात पहिला नंबर काढला. त्याला लागूनच असलेल्या मलकापूरने (आपल्या शाहूवाडीतले नव्हे) २००९ च्या सुमारास नळांना मीटर बसवून चोवीस तास पाणी सुरू केले. चोवीस तास पाणी दिले तर लोक उधळतील, अशी सगळ्यांना भीती होती. पण मोजून पैसे भरायचे म्हटल्यावर तोट्या आपोआप बंद होऊ लागल्या. पाणी कमी उपसले की सांडपाणीही कमी होते, हा त्यातला आपल्या कामाचा भाग.

कचऱ्याचे थोडक्यात सांगतो. ओला-सुका वेगळा करणे कायद्याने बंधनकारक आहे. तरी डेपो शहराच्या हद्दीवर असतो आणि धूर शेजारच्या गावच्या रानात. प्लॅस्टिकच्या पिशव्या वैरणीत येतात, जनावरांच्या पोटात जातात. शेतकऱ्याला कंपोस्ट नको आहे असे नाही, पण काचा आणि सुया निघणारे खत फुकट दिले तरी कोण नेईल? वेगळे करण्याचे काम शहरातल्या दारातच झाले पाहिजे.

दुसरा नंबर आम्ही आठवडी बाजाराला देतो. पहाटे चारला उठून मेथी-कोथिंबिरीच्या पेंड्या बांधून, वडापने तालुक्याला येणारी बाई दिवसभर रस्त्याकडेला बसते. डोक्यावर सावली नाही, प्यायला पाणी नाही, आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे मुतारीची सोय नाही. असली तरी तिला कुलूप किंवा आत पाय ठेववत नाही अशी. दिवसभर पाणीच प्यायचे नाही, हा या बायाबापड्यांनी काढलेला उपाय. त्याचे दुखणे पुढे दवाखान्यात कळते. पावती फाडणारा ठेकेदाराचा माणूस मात्र न चुकता येतो. जागाभाड्याचा ठेका नगरपालिका लिलावाने देते, त्याचे पैसे तिजोरीत पडतात. मग त्या पैशातला काही हिस्सा त्याच बाजारावर खर्च करायला काय हरकत आहे? चार शौचकूप, एक नळ, पत्र्याची शेड आणि ठेक्याच्या करारात दराचा फलक लावण्याची अट, एवढ्याला काही कोटी लागत नाहीत. एका कमानीच्या पैशात जिल्ह्यातले दोन-तीन बाजार नीट होतील. जयसिंगपूरची पेठ राजर्षी शाहू छत्रपतींनी वसवली ती आखून-रेखून, रुंद रस्ते ठेवून. बाहेरून येणाऱ्याला शहरात जागा असली पाहिजे, ही त्या आखणीतली समज होती.

आता आपल्याच दाराशी येऊ. शहराला नावे ठेवताना नदीकाठच्या ग्रामपंचायतींनी आपले गटार कुठे सोडले आहे तेही पाहावे. बहुतेक ठिकाणी उत्तर ओढा हेच आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात ग्रामपंचायतींना दिलेल्या निधीतला ६० टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधील होता. तो वाटा कुठे शोषखड्ड्यांत गेला आणि कुठे नुसत्या सिमेंटच्या गटारात, याचा हिशेब सरपंच आणि ग्रामसेवकांनी (आताच्या भाषेत ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी) ग्रामसभेपुढे मांडावा. स्वतःची मोरी नदीत सोडून दुसऱ्याला जाब विचारायला तोंड राहत नाही.

आणि तो जाब विचारायचा आहे कागदावर. शहराच्या खालच्या अंगाला असलेल्या गावांनी येत्या ग्रामसभेत साधा ठराव करावा. आमच्या हद्दीत येणाऱ्या सांडपाण्याचे केंद्र महिन्यात किती दिवस चालले, याची माहिती नगरपरिषदेने दरमहा ग्रामपंचायतीला लेखी द्यावी. ठरावाच्या प्रती नगराध्यक्ष, मुख्याधिकारी, जिल्हाधिकारी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचे कोल्हापुरातील कार्यालय यांना पाठवाव्यात आणि पोच घ्यावी. बरगे चढलेले असताना, पाणी काळे दिसेल त्या दिवशी पंचांसमक्ष पंचनामा करून मंडळाला नमुना घ्यायला बोलवावे. मासे मेल्यावर आंदोलन होते, फोटो येतात आणि चार दिवसांनी पाणी वाहून जाते. पंचनामा मात्र दप्तरात राहतो, आणि नगरपालिकेची अर्थसंकल्पाची सभा लागली की तो काढून दाखवता येतो.