गाण्याचे गाठोडे

तबकडीवर गाणाऱ्याचे नाव ठळक छापतात, संगीतकाराचे त्याखाली. पण ती तबकडी न फुटता आपल्या घरी यावी म्हणून तिचे वेष्टन कोणी केले, याची चौकशी कोण करतो? संगणकाच्या दुनियेतही हाच न्याय चालतो. प्रोग्रॅम लिहिणारा तेवढा कलावंत आणि त्याचे 'पॅकेज' बांधणारा निव्वळ हमाल, असे आमच्या मित्रमंडळींत मी अनेकदा ऐकले आहे. मला हे साफ नामंजूर आहे.

'लिरियन म्युझिक सर्व्हर'चेच पाहा ना. घरातल्या एका संगणकावर गाणी साठवायची आणि या सर्व्हरने ती खोल्याखोल्यांतल्या वाजविणाऱ्या पेट्यांकडे पोहोचवायची, असा हा कारभार. अमेरिकेतील स्लिम डिव्हायसेस या छोट्या कंपनीने २००१ साली पहिली पेटी काढली, तिच्याबरोबर हा जन्मला. २००६ साली लॉजिटेकने ती कंपनी घेतली, २०१२ साली या पेट्यांचा धंदा आवरता घेतला आणि २०२४ साली त्यांच्यासाठी चालविलेले संकेतस्थळही बंद केले. तरीही लोकांच्या घरी त्या पेट्या वाजतातच! सर्व्हरचा प्रोग्रॅम सर्वांना खुला होता आणि हौशी मंडळी त्यासाठी अजून राबत आहेत, म्हणून.

पण प्रोग्रॅम खुला असला म्हणजे तो लिनक्सवर आपोआप चालतो, असे मात्र नाही. हा सर्व्हर 'पर्ल' भाषेत लिहिला आहे आणि त्याला लागणारी पर्लची पुष्कळशी मोड्यूल्स तो बरोबरच घेऊन येतो. भरल्या स्वयंपाकघराच्या घरी पाहुण्याने आपली चूल, सरपण आणि मीठसुद्धा घेऊन यावे, तसे! त्यातली काही मोड्यूल्स पर्लच्या ठराविक आवृत्तीसाठीच घडविलेली असतात. २०२३ च्या डेबियन १२ मध्ये पर्ल ५.३६ होते, २०२५ च्या डेबियन १३ मध्ये ते ५.४० झाले. जुन्यासाठी घडविलेला तुकडा नव्यात बसत नाही आणि सर्व्हर सुरूच होत नाही. म्हणून लेखकमंडळी डेबियनसाठी जे गाठोडे देतात, त्यात पर्लच्या निरनिराळ्या आवृत्त्यांसाठी वेगवेगळे संच कोंबलेले असतात.

डेबियनचे धोरण याच्या उलट आहे. जे मोड्यूल प्रणालीत आहे, त्याची दुसरी प्रत गाठोड्यात शक्यतो बांधू नये. कारण त्यात सुरक्षेचे भगदाड निघाले तर ते एकाच जागी बुजविता आले पाहिजे. लेखक म्हणतात, आम्ही पारखलेली आवृत्तीच बरी, दुसरीने काही बिघडले तर दोष आमच्या माथी येतो. यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. तरीही माझा कौल डेबियनच्या बाजूने आहे. ज्यात लेखकांनी स्वतः फेरफार केले असतील तेवढेच बरोबर आणावे, बाकीचे यजमानाच्या घरचे घ्यावे. अर्थात कोणते मोड्यूल बदललेले आणि कोणते जसेच्या तसे, हे एकेक उलगडून पाहणे आले. हे काम हमालाचे खचितच नव्हे.

बाकी खबरदारी वेगळीच. सर्व्हरला प्रशासकाचे सर्वाधिकार न देता त्याच्यासाठी वेगळा वापरकर्ता निर्माण करायचा. मालकाने मांडणीत केलेले बदल नव्या आवृत्तीच्या वेळी पुसले जाऊ द्यायचे नाहीत. आणि पॅकेज काढून टाकले तरी मालकाच्या गाण्यांना हात लावायचा नाही.

या सर्व्हरची नावे किती वेळा बदलली! स्लिमसर्व्हर, स्क्वीझसेंटर, स्क्वीझबॉक्स सर्व्हर, लॉजिटेक मीडिया सर्व्हर आणि २०२४ पासून लिरियन. परंतु डेबियनच्या गाठोड्यात त्याचा वापरकर्ता आणि माहिती ठेवण्याचे फोल्डर अजून 'स्क्वीझबॉक्ससर्व्हर' याच जुन्या नावाने नांदतात. वरच्या पाटीवरचे नाव बदलले, आतले ठेवले. त्यामुळे वर्षानुवर्षे जमविलेल्या याद्या आणि मांडणी नव्या आवृत्तीला जागच्या जागी सापडतात.