हिरवी नळी जरा बाजूला ठेवा

लिंबागणेशच्या आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या आईबापांनो, गुरुजींनो, बाईंनो, आणि ज्यांच्यासाठी हे लिहितोय त्या लेकरांनो, एक साधी मागणी आहे. रंगपेटीत हिरव्या रंगाची जी तयार नळी असते, ती या पावसाळ्यापुरती बाजूला काढा. फेकू नका, दप्तराच्या तळाशी राहू द्या. आणि चित्रात जिथं जिथं हिरवा लागेल तिथं तो स्वतः कालवा.

मुलांची चित्रं मी हौसेनं बघतो. डोंगर, नदी, झोपडी, झाड, आणि झाडापासून डोंगरापर्यंत एकच हिरवा. नळी दाबायची, ब्रश ओला करायचा आणि फासत सुटायचं. मीही तेच करायचो. सातवीत असताना एलिमेंटरीच्या परीक्षेची तयारी म्हणून मी शाळेच्या आवारातला लिंब रंगवला होता. आमचे चित्रकलेचे गुरुजी काही बोलले नाहीत. बाहेर जाऊन लिंबाची एक डहाळी तोडून आणली आणि माझ्या चित्रातल्या झाडावर ठेवली. खरं पान माझ्या झाडावर परकं दिसत होतं. माझा हिरवा बाटलीच्या काचेसारखा थंड आणि ते पान उन्हात पिकल्यासारखं उबदार. "हा रंग तू झाडाकडून घेतलास का नळीकडून?" एवढंच त्यांनी विचारलं. मला उत्तर सुचलं नाही. त्या दिवसापासून मी हिरवी नळी क्वचितच उघडली.

भालचंद्र गणपतीच्या या गावाच्या नावातच लिंब आहे, म्हणून लिंबापासूनच सुरुवात करू. फाल्गुनात जुनी पानं गळतात आणि चैत्राच्या तोंडावर नवी पालवी फुटते. ती पालवी हिरवी नसतेच. पाडव्याला गुढीला बांधायला डहाळी आणाल तेव्हा शेंडा नीट बघा. तो तांबूस असतो, नव्या तांब्याच्या भांड्यासारखा, आणि उन्हाकडे धरला तर आतून चमकतो. आठ-पंधरा दिवसांत तोच पोपटी होतो. लिंबोळ्या पिवळ्या पडून खाली सडा पडतो तोवर पान गडद झालेलं असतं. म्हणजे झाड एक, आणि त्याचे रंग चार महिन्यांत तीन. त्यात दुपारी झाडाखाली उभं राहून वर पाहिलं तर ज्या पानांतून ऊन आरपार येतं ती पिवळी दिसतात, आणि दुरून पाहिलं तर ज्या पानांच्या पाठीवर आभाळ पडतं ती निळसर. एका नळीतून हे सगळं कसं निघणार?

आता कालवायचं कसं ते सांगतो. सुरुवातीला तीन नळ्या पुरतात: लेमन यलो, प्रशियन ब्लू आणि बर्न्ट सिएना. विद्यार्थ्यांसाठीच्या बहुतेक पेट्यांत त्या असतात, नसतील तर सुट्या घ्या. महागाच्या रंगांची गरज नाही. कालवायला पांढरी बशी किंवा फरशी बसवणाऱ्याकडं उरलेला पांढऱ्या टाइलचा तुकडा उत्तम. स्टीलची ताटली नको, तिच्या चकाकीत रंग कळत नाही. पाण्याची दोन भांडी ठेवा, एक ब्रश धुवायला, दुसरं रंगात घालायला. गढूळ पाण्यातून निघालेला हिरवा नेहमी मळकाच येतो आणि दोष बिचाऱ्या रंगाला दिला जातो.

आधी पिवळा काढा, चांगला वाटाण्याएवढा. मग ब्रशच्या टोकावर राईएवढा प्रशियन ब्लू घ्या आणि त्यात मिसळा. हा क्रम उलटा करू नका. प्रशियन ब्लू फार जोरकस रंग आहे. निळ्यात पिवळा ओतत बसलात तर पिवळ्याची नळी संपेल आणि हिरवा काही होणार नाही. पिवळ्यात निळा कणाकणानं वाढवत गेलात तर आधी कोवळा पोपटी येईल, मग तांदळाच्या रोपाचा हिरवा, मग गर्द. प्रत्येक पायरीवर कागदावर एक ठिपका टाका. हे बघताना लेकरं किती रंगतात ते एकदा बघाच.

हा हिरवा स्वच्छ येतो, पण थोडा कच्चा असतो. शेतातला हिरवा इतका कच्चा क्वचितच दिसतो. त्यात कणभर बर्न्ट सिएना घाला. विटकरी रंग आहे तो, लाल मातीसारखा. तो पडताच हिरव्याचा भडकपणा जातो आणि त्यात ऊन आल्यासारखं वाटतं. पिवळा अजिबात न घेता नुसता प्रशियन ब्लू आणि बर्न्ट सिएना कालवला, तर झाडाच्या पोटातला जवळजवळ काळा, खोल हिरवा मिळतो. सावलीसाठी काळी नळी लागतच नाही.

असं का होतं, हे मोठ्या मुलांनी समजून घ्यावं. निळा रंग उजेडातला तांबडा भाग गिळतो, पिवळा रंग निळा भाग गिळतो. दोघांनी मिळून जे सोडलं ते आपल्या डोळ्यांपर्यंत येतं, आणि ते असतं हिरवं. पण सगळे निळे सारखे नसतात. प्रशियन ब्लूचा कल हिरव्याकडं असतो, अल्ट्रामरीनचा जांभळ्याकडं. म्हणून लेमन यलोशी प्रशियन ब्लूची जोडी झळझळीत हिरवा देते, आणि अल्ट्रामरीनची जोडी जरा राखट, शांत हिरवा. तोच अल्ट्रामरीन यलो ऑकरमध्ये मिसळला तर मेंदीच्या पाल्याच्या भुकटीसारखा रंग येतो. पिवळ्यात थेंबभर काळा घातला तर शेवाळी होतो. जुन्या बारवेच्या पायऱ्या रंगवायच्या असतील तर तोच घ्या. आणि पांढरा घालू नका. जलरंगात फिकेपणा पाण्यानं आणायचा, कागदाचा पांढरेपणा खालून दिसू द्यायचा. पांढरा घातला की हिरव्यावर खडूची भुकटी बसल्यासारखं होतं. वाळल्यावर रंग फिका पडतो, हेही धरून चाला. ओला असताना थोडा जास्त गडद वाटला तरच तो वाळून बरोबर येतो.

हे काही मी शोधलेलं नाही. चित्रकारांनी हिरवा पूर्वीपासून असाच केला आहे. आपल्याकडं हस्तलिखित पोथ्यांमधल्या चित्रांत नीळ आणि हरताळ घोटून हिरवा तयार करत. हरताळ म्हणजे पिवळं खनिज. पोथीत चुकलेल्या अक्षरावर त्याचाच लेप देत, म्हणून आपण आजही केलेल्या कामावर हरताळ फासला म्हणतो. हरताळ विषारी असतो. आजच्या शाळकरी नळ्यांत तो नसतो, पण म्हणून ब्रश ओठांत धरून टोक काढायची खोड लावून घेऊ नका. प्रशियन ब्लू हा अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये तांबडा रंग करता करता चुकून हाती लागला. पुढं इंग्लंडमध्ये विल्यम हूकर नावाचा चित्रकार फळांची आणि पानांची हुबेहूब चित्रं काढायचा. त्यानं हाच निळा गॅम्बोज या पिवळ्या डिंकात मिसळून पानांसाठी आपला हिरवा बसवला. आजही दुकानात हूकर्स ग्रीन नावाची नळी मिळते. म्हणजे दुकानातल्या त्या तयार हिरव्याचा जन्मसुद्धा पानं बघून रंग कालवणाऱ्या एका माणसाच्या बशीतच झाला.

आणि एक हिरवा तर आपल्याच दगडातला. अजिंठ्याच्या भिंतींवर जो मऊ, मातकट हिरवा दिसतो तो हिरव्या मातीचा आहे. आपल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत अशा हिरवट खनिजाचा लेप सापडतो. विहिरीचं काम चाललं असेल आणि फोडलेल्या दगडात असा हिरवा डाग दिसला, तर तो खडा घरी आणा. आजोबांनी तो कितीदा पाहिला असेल, त्यांना विचारा.

आता शिवारात चला. बालाघाटाच्या या माळावर हिरवा फार दिवस टिकत नाही. पाऊस हात आखडून पडतो, दिवाळी सरली की डोंगर पिवळे, आणि शिमग्याला खाकी. म्हणून जो आहे तो नीट बघायला हवा. सोयाबीनचा हिरवा पिवळसर, तिथं प्रशियन ब्लू अगदी नावाला. कपाशीचं पान मातकट. तुरीचं पान वरून राखट हिरवं आणि खालून रुपेरी, वारा सुटला की सगळं रान क्षणभर पांढरट होतं. ते रंगवताना ओल्या हिरव्यावर कोरडा ब्रश हलकेच फिरवून रंग उचला. रब्बीची ज्वारी निळसर, तिच्या पानांच्या देठाशी पांढरी भुकटी असते. तिथं अल्ट्रामरीन आणि लेमन यलो पातळ करून लावा, आणि पानाच्या मधली शीर कागदाची पांढरी सोडा. नंतर पांढऱ्यानं काढलेली शीर चिकटवल्यासारखी दिसते. हुरड्याच्या दिवसांत आगटीभोवती बसाल तेव्हा तळहातावरचे दाणे तोंडात टाकायच्या आधी एकदा निरखा.

सीताफळ मात्र सावकाश काढा. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, बाजारात त्याचं नाव झालं, पण ते रंगवायला किती अवघड आणि किती सुंदर आहे हे फार कमी लोकांनी पाहिलंय. एक फळ पांढऱ्या कागदावर खिडकीजवळ ठेवा. कच्चं असताना त्याचे खवले एकमेकांना घट्ट भिडलेले असतात आणि सगळीकडं साधारण एकच थंड हिरवा दिसतो. पिकायला लागलं की डोळे उघडतात, खवल्यांच्या फटींत फिकट पिवळा, कधी गुलाबीसर रंग येतो. आधी सगळ्या फळावर पातळ, फिकट पिवळा द्या आणि पूर्ण वाळू द्या. मग एकेक खवला हिरव्यानं भरा, फटीतला पिवळा तसाच राहू द्या. खिडकीकडच्या खवल्याच्या टोकावर थोडा निळसर, उलट्या बाजूला थोडा बर्न्ट सिएना. सावलीत हिरव्यात थेंबभर क्रिमसन मिसळा. तांबडा आणि हिरवा भेटले की दोघंही शांत होतात, आणि जी करडी सावली येते ती काळ्या नळीतून कधीच येत नाही. एका फळाला दोन तास लागले तर लागू द्या.

काही जण म्हणतील, परीक्षेत एवढा वेळ कुठं असतो. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा मुलं देतात, दहावीला त्याचे वाढीव गुण मिळतात, आईबापांना त्याचं मोल आहे, आणि असायलाच हवं. पण गुणांचा विचार केला तरी हेच खरं ठरतं. समोर वस्तू मांडून काढायच्या चित्रात ढोबळी मिरची, पानं, भाजी असं काहीतरी हिरवं आलं, की तयार नळीनं रंगवलेली पन्नास चित्रं सारखीच दिसतात. हाताला सवय असेल तर कालवायला मिनिटभरही लागत नाही. सवय वर्षभर करायची असते. चित्रकलेचा तास गणिताला किंवा इंग्रजीला दिला जातो, हे मला ठाऊक आहे. गुरुजी, बाई, तेवढा तास लेकरांना राहू द्या, हात जोडून सांगतो.

घरातल्या बायकांनाही एक सांगणं आहे. पोपटी, मेंदी, शेवाळी, मोरपंखी, चिंतामणी, ही नावं तुम्हाला लुगड्यांच्या आणि बांगड्यांच्या दुकानात बसून पाठ झालेली आहेत. चित्रकलेच्या पुस्तकात एवढी नावं नाहीत. लेकरू रंग कालवत असेल तेव्हा त्याच्याजवळ बसा आणि कुठल्या ठिपक्याचं नाव काय ते त्याला सांगा. ठिपक्याखाली ते नाव त्यानं लिहावं.

काम म्हणून एवढंच द्या: एक कोरा कागद आणि त्यावर २१ हिरवे. दूर्वांची जुडी २१ ची असते, तेवढेच. हवं तर दूर्वेपासूनच सुरू करा. एक दूर्वा कागदावर ठेवा. पात्याचा निळसर हिरवा, देठाजवळचा पांढुरका, आणि पेरापाशी जरासा जांभळट तांबडा. एका काडीतच तीन-चार रंग मिळाले. मग लिंब, तूर, बाभूळ, सीताफळाच्या पानाची वरची बाजू, त्याचीच खालची बाजू. प्रत्येक पान ठिपक्याशेजारी ठेवून ताडून बघा. जुळला नाही तर पुसू नका, शेजारी दुसरा टाका. कुठला रंग किती घेतला तेही खाली लिहा, म्हणजे पुढच्या वेळी चाचपडायला नको.

आणि ज्यांचे आईबाप दसऱ्या-दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, त्यांच्यासाठी मुद्दाम. लेकरू इथंच आजीजवळ किंवा वसतिगृहात राहणार असेल तर उत्तम, त्याची शाळा चालू राहील. पण काही कारणानं सोबत न्यावंच लागलं, तर बोचक्यात त्या तीन नळ्या, एक ब्रश, टाइलचा तुकडा आणि थोडे कागद घालून द्या. सगळं मिळून पावशेरसुद्धा भरणार नाही. उसाचं पान पिवळसर हिरवं, मधली शीर पांढरी, पाचट वाळल्या गवतासारखं, आणि कांड्यावर पांढरी भुकटी, ती बोटानं पुसली की खालचा रंग गडद दिसतो. संध्याकाळी कोपीपुढं बैलांना वाढे टाकले जातील, तेव्हा त्यातलं एक पान लेकराच्या हातात द्या आणि म्हणा, हा कर बघू.