वराडचा अभिमान आणि डब्लिनचा हिशेब

2019 च्या डिसेंबरअखेर आयर्लंडचे तत्कालीन पंतप्रधान लिओ वराडकर मालवण तालुक्यातील आपल्या वडिलांच्या गावी, वराडला, सहकुटुंब येऊन गेले. गावाने त्यांचे कोडकौतुक केले, ते योग्यच होते. मूल कोठेही वाढले तरी गाव त्याला परके मानीत नाही, ही कोकणची रीतच आहे. परंतु आपल्यापैकी काही मित्रांनीही या गृहस्थांना पुरोगामित्वाचे प्रतीक ठरवून टाकले आहे. एका अभ्यासवर्गात नुकतेच तसे ऐकावे लागले, म्हणून हा लेखनप्रपंच.

जे श्रेय द्यावयाचे ते आधी देऊन टाकू. ज्या देशात 1993 पर्यंत समलिंगी संबंध हा गुन्हा होता, त्या देशात मंत्रिपदावर असताना जानेवारी 2015 मध्ये नभोवाणीवरील मुलाखतीत आपण समलिंगी आहोत असे सांगणे, याला धैर्य लागते. त्याच वर्षी सार्वमतात 62 टक्के मतदारांनी समलिंगी विवाहाला मान्यता दिली. 2018 मध्ये, वराडकर पंतप्रधान असताना, 66 टक्के मतदारांनी घटनेतील गर्भपातबंदी उठविली. अर्थात ही बंदी 1983 मध्ये घटनेत घातली गेली तेव्हापासून तिच्याविरुद्ध लढणाऱ्या स्त्रिया होत्या. शेवटच्या वर्षी पाठिंबा जाहीर करणारा नेता हा त्या लढ्याचा जनक नव्हे.

वराडकरांचा फिन गेल पक्ष हा उजव्या मध्यममार्गाचा. 2017 मधील त्यांची नेतेपदी झालेली निवड पक्षकार्यकर्त्यांनी मुद्दाम पाहण्याजोगी आहे. सामान्य सदस्यांपैकी सुमारे 65 टक्क्यांनी त्यांचे प्रतिस्पर्धी सायमन कोव्हनी यांना मते दिली. पण त्या पक्षाच्या नियमानुसार सदस्यांच्या मतांचे वजन अवघे 25 टक्के, संसदीय पक्षाचे 65 टक्के! संसद सदस्यांनी वराडकरांना उचलून धरले आणि प्रश्न मिटला.

त्याच सुमारास समाजकल्याणमंत्री या नात्याने त्यांनी सरकारी मदत लाटणाऱ्यांविरुद्ध जाहिरातींची मोहीम काढली होती. सकाळी लवकर उठून कामाला जाणाऱ्यांचा मी प्रतिनिधी, अशी त्यांची भाषा होती. गरिबाला आधी संशयित ठरवावयाचे आणि मग मदत द्यावयाची, ही रीत आपल्याही परिचयाची आहे. पुढे 2020 मध्ये महासाथ आली, आणि याच वराडकरांच्या सरकारने काम गमावलेल्यांना आठवड्याला 350 युरो देऊ केले. खाजगी रुग्णालये काही महिने सार्वजनिक सेवेसाठी ताब्यात घेतली. स्वतः डॉक्टर असलेल्या पंतप्रधानांनी आठवड्यातून एक पाळी वैद्यकीय कामही केले. पैसा नव्हता असे नाही, हे तेव्हा सिद्ध झाले. इच्छा नव्हती.

आयुष्यभर राष्ट्रीय उत्पन्नाचे तक्ते शिकविलेल्या प्रस्तुत लेखकाला आयर्लंडचा तक्ता हा मोठा विनोद वाटतो. 2015 मध्ये त्या देशाचे राष्ट्रीय उत्पादन 26 टक्क्यांनी वाढल्याचे प्रथम जाहीर झाले! ना 26 टक्के अधिक कारखाने उभे राहिले, ना पिके आली. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली बौद्धिक मालमत्ता कागदोपत्री तेथे हलविली, इतकेच. अखेर आयरिश सांख्यिकी खात्याला या कंपन्यांचा फुगवटा वगळून निराळा निर्देशांक काढावा लागला. मात्र या फुगलेल्या समृद्धीत घर मिळेना. सरकारी तात्पुरत्या निवाऱ्यात राहणाऱ्यांची संख्या 2019 मध्ये 10,000 च्या वर गेली, आणि 2024 च्या प्रारंभी 13,000 च्या वर. मधल्या काळात, मार्च 2023 अखेर, भाडेकरूंना घराबाहेर काढण्यावरील हंगामी बंदी वराडकरांच्याच दुसऱ्या कारकिर्दीत उठविण्यात आली. 2020 च्या निवडणुकीत घर आणि आरोग्य याच प्रश्नांवर त्यांचा पक्ष तिसऱ्या क्रमांकावर फेकला गेला होता. यादवी युद्धापासूनचा प्रतिस्पर्धी फिआना फॉल आणि हरित पक्ष यांच्याशी हातमिळवणी करून तो सत्तेत राहिला.

आणि आपले भाऊबंद? जेम्स कॉनोली यांचा वारसा सांगणारा मजूर पक्ष 2011 मध्ये 37 जागा जिंकून फिन गेलबरोबर सत्तेत बसला, काटकसरीच्या धोरणाला त्याने हात लावला आणि 2016 मध्ये त्याच्या 7 जागा उरल्या. वराडकरांवर रागावण्यापूर्वी हा आकडा पाहावा.

अॅपल कंपनीने 13 अब्ज युरोचा बुडविलेला कर आयर्लंडने वसूल करावा, असा आदेश युरोपीय आयोगाने 2016 मध्ये दिला होता. आयरिश सरकार त्याविरुद्ध न्यायालयात गेले, आणि वराडकरांनी पंतप्रधान म्हणून ते अपील पुढे चालविले. घरे नसलेल्या देशाचे सरकार स्वतःच्या तिजोरीत पैसा येऊ नये म्हणून वकील लावीत होते! सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च युरोपीय न्यायालयाने ते अपील हरविले, आणि पैसा सरकारला घ्यावाच लागला. वराडकर तोवर पायउतार झाले होते.