वकिलीची पदवी स्वस्त, पहिली तीन वर्षं महाग

निकाल लागले की मुकुंदनगर, भिंगार, श्रीरामपूर, संगमनेरच्या मुस्लिम घरांत एक प्रश्न हमखास निघतो. मुलगी किंवा मुलगा ‘लॉ करायचंय’ म्हणतो आणि घरातलं कुणीतरी विचारतं, “वकिली करून मिळणार काय? कोर्टात काळे कोट ढिगानं उभे आहेत.” त्यावर आपली सुशिक्षित मंडळी ‘कौमला वकिलांची गरज आहे’ असं भाषण देतात. भाषणावर घर चालत नाही. गॅरेजवर राबणाऱ्या बापानं हिशेब विचारला असेल तर त्याला हिशेबच द्यायला हवा.

आधी खर्चाची बाजू पाहू. कायद्याचं शिक्षण घ्यायला आता पुणे गाठावंच लागतं असं नाही. अहिल्यानगर शहरात न्यू लॉ कॉलेज आहे, घरी राहून शिकता येतं. जुलै २०२४च्या शासन निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. बागवान, तांबोळी, अत्तार, मोमीन, पिंजारी यांच्या मुली ओबीसीत येतात. पण जातीचा दाखला वेळेत काढून ठेवलेला नसेल तर ही सवलत कागदावरच राहते.

सनदेचा खर्चही उतरला आहे. राज्यांच्या बार कौन्सिल नोंदणीसाठी हजारो रुपये घेत असत. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गौरव कुमार खटल्यात सांगितलं की १९६१च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टमध्ये आहे तेवढंच शुल्क घ्या. ते खुल्या प्रवर्गासाठी ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये आहे. जादा शुल्कामुळे दुर्बल घटकांवर अन्याय होतो, हेही न्यायालयाने नोंदवलं. त्यात बार परीक्षेचे साडेतीन हजार मिळवा. म्हणजे दारापर्यंत पोचणं गरिबाला आज पूर्वीपेक्षा सोपं झालं आहे.

खरा खर्च दाराच्या आत आहे, आणि तो कुठल्याच माहितीपत्रकात छापलेला नसतो. सनद मिळाली की सिनियरकडे ज्युनियर म्हणून बसायचं. तारखा घ्यायच्या, नकला काढायच्या, टायपिंग करून घ्यायचं, तालुक्याच्या कोर्टात धावायचं. या कामाचे अनेक ठिकाणी फक्त पेट्रोलपुरते पैसे मिळतात, काही ठिकाणी तेही नाहीत. हा मुलगा पदवीनंतर एमआयडीसीत लागला असता आणि महिना बारा हजार मिळाले असते असं धरा. कॉलेजची तीन आणि ज्युनियरशिपची तीन अशा सहा वर्षांत घराने ८ लाख ६४ हजार सोडले. वकिलीची किंमत ही आहे. फी तिचा छोटा तुकडा आहे.

ही किंमत कोण सोसू शकतो? ज्याच्या वडिलांचं चेंबर आहे, ज्याची बागायत आहे किंवा ज्याच्या घरात पगार येतो तो. फळगाडीवर, शिलाई मशीनवर चालणाऱ्या घरातला मुलगा सहा महिने थांबतो आणि मग गुपचूप मोबाईलच्या दुकानात उभा राहतो. त्याची सनद कपाटात पडून राहते. लोक म्हणतात, पोरगं टिकलं नाही. ते टिकावं म्हणून आपण काय केलं, हे कुणी विचारत नाही.

मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीशपदाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. कोर्ट न पाहिलेल्या माणसाने न्यायाधीश होऊ नये, हे पटण्यासारखं आहे. पण ही तीन वर्षं बिनपगारी असतील तर बापाचा खिसाच पहिली चाळणी लावतो. हे धनगर, मातंग, भटक्या समाजातल्या मुलांनाही तितकंच लागू आहे. हा एकट्या मुसलमानांचा प्रश्न नाही.

यावर उपाय कुणी सुचवलेला नाही असंही नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने परिपत्रक काढून ज्युनियरला शहरात महिना २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार मानधन द्यावं, असं सांगितलं. मात्र ते सक्तीचं नाही, शिफारस आहे. सिनियर म्हणतात, “आम्हीही असेच फुकट शिकलो.” फुकट शिकणं त्यांना परवडलं म्हणूनच ते आज सिनियर आहेत. ज्यांना परवडलं नाही ते हे वाक्य बोलायला कोर्टात उरलेच नाहीत. यात आपले मुस्लिम सिनियरही आले. घाम सुकण्याआधी मजुरी देण्याची शिकवण जुम्म्याच्या बयानात ऐकायची आणि सोमवारी ज्युनियरला रिकाम्या हाताने घरी पाठवायचं, हे कसं चालेल? तालुक्यातल्या छोट्या वकिलाला १५ हजार झेपणार नाहीत हे मान्य. पण त्याने पाच तरी ठरवावेत आणि महिन्याच्या महिन्याला द्यावेत.

आता मिळकतीची बाजू. पहिली काही वर्षं कमाई तुटपुंजी असते, हे मुलांना स्पष्ट सांगा. ज्याला लगेच पगार हवा त्याने या वाटेला जाऊ नये. पण वकील नसण्याचाही खर्च असतो आणि तो आपण मोजत नाही. इनाम जमिनीचा वाद वक्फ न्यायाधिकरणात छत्रपती संभाजीनगरला चालतो आणि आपल्या बाजूने कागद घेऊन कुणी उभं राहत नाही. जामीन मंजूर होतो, पण जामीनदाराची कागदपत्रं जमवायला माणूस नसतो. जात पडताळणीत आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर ‘मुसलमान’ एवढंच लिहिलेलं निघतं आणि प्रकरण अडकतं. पोटगी मागणाऱ्या बाईला मोफत विधी सेवा हा तिचा हक्क आहे, हेही माहीत नसतं. यासाठी वकील मुसलमानच हवा असं नाही. आपल्या गल्लीतली भाषा आणि कागद ओळखणारा, फोन उचलणारा माणूस मात्र हवा.

मग करायचं काय? एका ज्युनियरचे १५ हजारांप्रमाणे वर्षाचे १ लाख ८० हजार होतात, तीन वर्षांचे ५ लाख ४० हजार. एवढ्या पैशात आपल्याकडे वलीम्याचा मंडप आणि जेवणावळ उरकते. प्रत्येक तालुक्याच्या जमातीने दरवर्षी एक मुलगी किंवा मुलगा निवडावा. सिनियरने पाच द्यावेत, जमातीने दहा. जकातीतून द्यायचे की नाही यावर उलेमांना बसू द्या, तोवर लिल्लाहचा पैसा आहे, व्यापाऱ्यांच्या देणग्या आहेत. बदल्यात त्या ज्युनियरने आठवड्यातून एक दिवस मोहल्ल्यात बसून लोकांचे कागद तपासावेत. दोन्ही बाजूंचा हिशेब जुम्म्याच्या नमाजनंतर वाचून दाखवावा.

हे करायची तयारी नसेल तर त्या गॅरेजवाल्या बापाला कौमच्या गरजेचं भाषण देऊ नका. त्याचा प्रश्न बरोबर आहे आणि उत्तर आपल्याकडे थकलेलं आहे.