रात्रीच्या ओलीची वेळ

डेअरीत दूध घातल्यावर जी पावती मिळते तिच्यावर लिटर आणि फॅट असतेच, शिवाय सकाळ की संध्याकाळ हेही असते. ते नसेल तर दहा दिवसांचा हिशेब जुळवताना घरात वही ठेवणाऱ्या माणसाचे डोके फिरते. सेन्सरच्या आकड्यांचेही तसेच आहे, बरे का.

द्राक्षबागांत हल्ली पानाची ओल आणि हवेचा दमटपणा सांगणारे सेन्सर बसवतात. पुष्कळ ठिकाणी तयार संच येतो. काही घरांत मात्र पॉलिटेक्निकला जाणारा मुलगा किंवा मुलगीच तो जोडते, आणि त्यासाठी बरेचदा नोड-रेड वापरते. यात सगळा प्रोग्राम ओळीने लिहावा लागत नाही. पडद्यावर चौकटी मांडायच्या आणि रेघांनी जोडायच्या. विहिरीवरून टाकीत आणि टाकीतून ठिबकला पाइप काढावा तसे. आयबीएम कंपनीत २०१३ साली ते तयार झाले आणि फुकट मिळते. या मुलांना, आणि त्यांच्या आकड्यांवर भरवसा ठेवून ब्लोअर बाहेर काढणाऱ्या वडीलमंडळींना, आज एकच गोष्ट सांगायची आहे : वेळेचा शिक्का कोठे मारावा.

केवड्याच्या बाबतीत पान ओले झाले एवढे कळून भागत नाही. ते किती तास ओले राहिले आणि तेव्हा हवेत ऊब किती होती, यावर बुरशी पानात शिरते की नाही ते ठरते. म्हणजे ओल कधी धरली आणि पान कधी सुकले, या दोन्ही वेळा हव्यात.

आता असे पाहा. बागेतला छोटा बोर्ड आकडा वायफायने घरच्या संगणकाला पाठवतो. बरीच मुले शिक्का मारतात तो घरी, फाइलमध्ये ओळ लिहिणाऱ्या चौकटीच्या अगदी अलीकडे. एरवी सेकंदा-दोन सेकंदांचा फरक. कोणाचे काही अडत नाही. पण रात्री अकराला घरची लाइट गेली, बोर्ड मात्र बॅटरीवर चालू राहिला. त्याने आकडे साठवून ठेवले आणि सकाळी सहाला लाइट येताच एकदम पाठवले. घरच्या चौकटीने सगळ्यांवर सहाचाच शिक्का मारला. फाइल उघडावी तर पान अकरापर्यंत कोरडे आणि सहाला जरा वेळ ओले! सात तासांची ओल एका मिनिटात मावली. घरचे निवांत राहणार, आणि काही दिवसांनी पानावर तेलकट डाग दिसणार.

म्हणून शिक्का बोर्डावरच, आकडा घेताक्षणी मारावा आणि आकड्याबरोबरच पाठवावा. त्यासाठी बोर्डाला स्वतःचे घड्याळ पाहिजे. डीएस ३२३१ नावाचे घड्याळ बटणसेलवर चालते आणि वर्षाला मिनिटभराच्या आतबाहेरच चुकते. ते नसेल तर बोर्ड बंद पडून पुन्हा सुरू झाला, की इंटरनेटवरून वेळ मिळेपर्यंत त्याला काळवेळ ठाऊक नसते. संगणकाच्या दुनियेत पुष्कळ ठिकाणी काळ १ जानेवारी १९७० च्या ग्रीनिचच्या मध्यरात्रीपासून मोजतात. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच. फाइलमध्ये ही तारीख आणि ही वेळ दिसली तर ते भूत नव्हे, घड्याळ शून्यावर आले आहे.

ही चूक निदान डोळ्यांत तरी भरते. रास्पबेरी पायची अधिक फसवी. चौथ्या मॉडेलपर्यंत त्यात सेलचे घड्याळ नाही. पाचव्यात आहे, पण सेल वेगळा घ्यावा लागतो. इंटरनेट नसताना तो सुरू झाला तर शेवटी लिहून ठेवलेल्या वेळेपासूनच पुढे मोजू लागतो. वेळ खरीच वाटते, आणि असते चार तास मागची.

साडेपाच तासांचा घोळ आणखी एक. नोड-रेडचा शिक्का ग्रीनिचच्या वेळेचा असतो. तो तसाच लिहिला तर मंगळवारी पहाटे चारची ओल सोमवारी रात्री साडेदहाला दिसते. माझ्या मते दोन रकाने ठेवावेत, एक ग्रीनिचचा नि एक आपला. कॉलेजच्या प्रयोगशाळेत लॅबव्ह्यू असते, तेही चौकटी-रेघांचेच, १९८६ पासूनचे. ते काळ १९०४ पासून मोजते. तिकडचा नुसता आकडा इकडे आणला तर सहासष्ट वर्षांचा फरक पडेल!

आणि मधले आकडे आलेच नाहीत तर जागा कोरी ठेवावी. अंदाजाने भरू नये.

या रविवारी करून पाहा. घरचे वायफाय बंद करा. बागेत जाऊन सेन्सरवर पाणी शिंपडा आणि घड्याळ बघून वेळ वहीत लिहा. वीस मिनिटे तो ओला ठेवा, मग फडक्याने कोरडा पुसा, तीही वेळ लिहा, आणि घरी येऊन वायफाय चालू करा. फाइलमध्ये ती वीस मिनिटे जशीच्या तशी दिसली तर उत्तम. आकडेच आले नाहीत, तर बोर्ड ते साठवत नाही असे समजा. आणि सगळे एकाच मिनिटावर येऊन बसले, तर शिक्क्याची चौकट घरातून उचलून बागेत न्यायची आहे.