दवाखान्याला गुण कोणी द्यायचे?

आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील काही प्राथमिक आरोग्य केंद्रांत हल्ली समोरच्याच भिंतीवर काचेच्या चौकटीत एक प्रमाणपत्र टांगलेले दिसते. ते कशाचे, म्हणून केसपेपरच्या रांगेतल्या आयाबायांना आम्ही विचारून पाहिले. एकीने सांगितले, डॉक्टरसाहेबांच्या पदवीचे असेल. दुसरी म्हणाली, सरकारचे काहीतरी असेल. दवाखाना त्यांचा, गुण दवाखान्याला मिळालेले, आणि त्यांनाच ठाऊक नाही. म्हणून यावेळी या तपासणीविषयी थोडे सविस्तर लिहीत आहोत.

केंद्र सरकारने 2013 साली जिल्हा रुग्णालयांसाठी राष्ट्रीय गुणवत्ता मानके आणली. पुढे ती प्राथमिक आरोग्य केंद्रांनाही लागू झाली. इंग्रजी आद्याक्षरांवरून कर्मचारी त्यांना एन.क्यू.ए.एस. म्हणतात. कोणत्या सेवा मिळतात, रुग्णांचे हक्क पाळतात का, इमारत-औषधे-मनुष्यबळ पुरेसे आहे का, उपचार नीट होतात का, जंतुसंसर्ग टाळतात का, असे एकूण आठ भाग त्यात आहेत. प्रत्येक मुद्द्याला दोनपैकी गुण. पूर्ण पाळले तर दोन, अर्धवट असेल तर एक, नसेल तर शून्य. एकूण 70 टक्क्यांच्या वर गेले आणि इतर अटी पुऱ्या झाल्या की प्रमाणपत्र. त्याची मुदत तीन वर्षे. शिवाय स्वच्छतेसाठी 2015 पासून 'कायाकल्प' नावाची वेगळी स्पर्धा आहे, तिच्यात रोख बक्षीस असते.

तपासणीच्या पद्धती चार सांगितल्या आहेत. डोळ्यांनी पाहायचे, कर्मचाऱ्यांना विचारायचे, नोंदवह्या तपासायच्या आणि रुग्णांशी बोलायचे. योजना वाईट नाही, हे आम्ही आधीच सांगून टाकतो. प्रसूतीची खोली कशी असावी, सुया कुठे टाकाव्यात, बाळ गुदमरले तर हाताशी कोणते साहित्य हवे, हे लिहून ठेवले गेले ही मोठी गोष्ट आहे. पूर्वी तेही नव्हते.

परंतु आमचा जन्म कारकुनीत गेला. वाणिज्य शाखेत हिशेबतपासणीचा जो धडा शिकवला, तो अजून डोक्यात आहे. रोकडवहीतली शिल्लक खरी की खोटी हे पाहायचे असेल तर न सांगता जायचे, तिजोरी उघडायला लावायची आणि नोटा मोजायच्या. दवाखान्याची तपासणी मात्र तारीख कळवून होते. एका केंद्रात आम्ही नेमके आदल्या दिवशी एका आजीबाईंना घेऊन गेलो होतो. भिंतींना रंग चालला होता. खाटांवर घड्या न मोडलेल्या चादरी. लाल, पिवळ्या, निळ्या बादल्या ओळीने मांडलेल्या, त्यांत कचऱ्याचा कण नाही. एकट्या नर्सबाई सकाळपासून रजिस्टरे पुरी करीत बसलेल्या, आणि आजीबाईंचा रक्तदाब मोजायला कोणी मोकळे नव्हते. नर्सबाईंना आम्ही दोष देत नाही. दोन माणसांचे काम एकीने करायचे आणि वर वह्याही तिनेच रंगवायच्या, असा तो संसार आहे. रिक्त पद भरण्याचे काम तिच्या हाती नाही, आणि त्या पदाचे गुण गेले तरी ते तिच्याच केंद्राचे जातात.

आता चौथी पद्धत घ्या, रुग्णाशी बोलण्याची. अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरातली बाई पावरी किंवा भिली बोलते, नवापूरकडची मावची बोलते, खाली नंदुरबारकडे अहिराणी. बाहेरून आलेला साहेब पुस्तकी मराठीत नाहीतर हिंदीत विचारतो, "समाधानी आहात ना?" शेजारी डॉक्टर उभे. बाई मान हलवते. कागदावर दोन गुण पडतात. ती रात्री कळा सुरू झाल्यावर बांबूच्या झोळीतून किती तास आली, हे विचारायला तक्त्यात जागा शोधावी लागेल.

याहून वेगळी तपासणी आपल्याच जिल्ह्याने पाहिलेली आहे, हे नव्या पिढीला सांगितले पाहिजे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान 2005 मध्ये आले. त्याच्या अंतर्गत 2007 साली राज्यातल्या पाच जिल्ह्यांत 'लोकाधारित देखरेख' सुरू झाली. अमरावती, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), ठाणे, पुणे आणि आपला नंदुरबार. पुण्याच्या 'साथी' संस्थेने राज्यपातळीवर त्याची घडी बसवली. प्रत्येक जिल्ह्यात तीन तालुके, तालुक्यात तीन आरोग्य केंद्रे, केंद्राखालची पाच गावे, अशी 225 गावे सुरुवातीला घेतली होती. पुढे आणखी जिल्हे जोडले गेले.

त्यात गुण गावाने द्यायचे होते. गावातली माणसे एकत्र बसून तक्ता भरीत. नर्सबाई गावात येते का? औषध केंद्रात मिळते की बाहेरून आणायची चिठ्ठी देतात? बाळंतपणाला कोणी पैसे मागितले का? चांगल्याला हिरवा रंग, मध्यमला पिवळा, वाईटाला लाल. सही करता न येणाऱ्या बाईलाही लाल रंग कळतो, आणि तो साहेबांनाही कळतो! मग जनसुनवाई व्हायची. अधिकारी समोर बसत, लोक उभे राहून सांगत, आणि अधिकाऱ्यांना चारचौघांत उत्तर द्यावे लागे. आपल्या माणसांना साहेबापुढे बोलण्याची सवय पिढ्यान् पिढ्या लागू दिली नव्हती. हातात तक्ता आल्यावर ती लागते. आपल्या गावात असे तक्ते कधी भरले गेले का, आणि केव्हा थांबले, हे वाचकांनी जुन्या आशाताईंना विचारून पाहावे.

आज वारे उलट दिशेचे आहे. 28 जून 2024 पासून उपकेंद्र पातळीवरच्या आयुष्मान आरोग्य मंदिरांसाठी दूरस्थ तपासणी सुरू झाली. तपासणारा दूर शहरात, इकडे कर्मचाऱ्याच्या हातात मोबाईल. देशभर लाखावर उपकेंद्रे, माणसे पोचणार कशी, ही अडचण खरी आहे. पण कॅमेरा जिकडे वळवाल तेवढेच दिसते. त्यातून सातपुड्यात रेंज मिळण्यासाठी टेकडी चढावी लागते, ते वेगळेच.

खाजगी दवाखान्यांचे तर विचारूच नका. खाटा असलेल्या रुग्णालयांना 1949 चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा लागू आहे. 2021 च्या नियमांनुसार त्यांनी रुग्णहक्कांची सनद आणि ठरावीक सेवांचे दर दर्शनी भागात लावायचे आहेत. ज्या दवाखान्यात खाट नाही, नुसते टेबल आणि इंजेक्शन आहे, तो या कायद्यात येतच नाही.

तेव्हा आपल्या हातात काय आहे? एक तर केसपेपरपासून तपासणीपर्यंत काहीही पैसे द्यायचे नाहीत. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार नि:शुल्क आहेत. दुसरे, प्रत्येक केंद्राला रुग्ण कल्याण समिती असते आणि तिच्याकडे खर्चासाठी निधी येतो. समितीवर आपल्या वस्तीतले कोण आहे, शेवटची सभा कधी झाली, पडदा-पाणी-शौचालयावर किती खर्च पडला, हे विचारा. खर्चाची पावती मागायला लाजू नये.

आणि तिसरे, गुणपत्रिका मागा. भिंतीवर फक्त निकाल आहे. कोणत्या मुद्द्याला शून्य मिळाले ते फाईलीत असते. तालुका आरोग्य अधिकारी कार्यालयातील जन माहिती अधिकाऱ्याच्या नावाने साध्या कागदावर अर्ज करावा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा. दारिद्र्यरेषेखालील कार्ड असेल तर त्याची प्रत जोडावी, मग तोही लागत नाही. मजकूर एवढाच: "आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या शेवटच्या गुणवत्ता तपासणीचा मुद्देनिहाय गुणतक्ता आणि त्यानंतर त्रुटी दूर करण्यासाठी केलेल्या कार्यवाहीची प्रत मिळावी." उत्तराला मुदत तीस दिवसांची. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका, तिच्यावर शिक्का आणि तारीख दोन्ही पाहिजेत.